वीसच्या खाली

बुधवारच्या बाजारात, कोंबड्यांच्या ओळीला लागून माझं टेबल.
काच तडकलेले, स्पीकर बसलेले,
धानाच्या कोंड्यानं चार्जिंगचं भोक बुजलेले,
सगळे फोन येतात.
मुखरू मोहुर्लेचा आला तेव्हा त्याचं पोट फुगलं होतं,
मागचं झाकण रबरबँडनं कसंबसं धरलेलं.

नाव मुखरू. ठेवलं तेव्हा कोणाला माहीत
की पोराला ऐकूच येत नाही.
आता पन्नाशीचा आहे. बोलतो
हातानं, भिवईनं, कधी वहाण आपटून.

नवी बॅटरी टाकली, सहाशेची.
पुन्हा लवकर पाळी येऊ नये म्हणून समजावत बसलो.
रात्रभर लावून ठेवू नको:
दोन्ही तळवे गालाखाली, डोळे मिटून, मग मान हलवून नाही.
उन्हात नको: फोन कपाळाला लावला
आणि तापाचं तोंड केलं. तो हसला.
चार्जिंगला लावताना कव्हर काढ:
माझा सदरा अर्धा वर ओढला, तर अंडेवाली म्हणे,
'का करून रायले जी तुमी भर बाजारात?'

मग आकडे.
दहा बोटं आठदा उघडली. ऐंशी. इथं काढ.
दहा बोटं दोनदा. वीस.
याच्या खाली कधीच नाही, कधीच,
आणि बोट गळ्यावरून फिरवलं.

शेवटी उजेड. मी पट्टी खाली ओढली,
त्यानं वर नेली.
मी खाली. तो वर.
मग त्यानं नाकाच्या डाव्या बाजूला चिमूट धरली,
म्हणजे चमकी, म्हणजे इंद्रकला,
जी टोळीसोबत मिरची तोडायला गेली आहे
तिकडं, तेलंगणात, होळी झाली तरी परतली नाही.
त्यांचं बोलणं सगळं व्हिडिओवर.
उजेड कमी केला की हात दिसत नाहीत.
बाकीचे नवरा-बायको अंधारात कुजबुजू तरी शकतात.

उजेडाचा नियम मी मागे घेतला.

बाकीचे त्यानं पाळले, मी जाता-येता पाहिलं.
दिवसभर फोन बंद, कोनाड्यात,
सुक्या फडक्यात, माठापासून हातभर दूर.
पुतण्याला गेम नाही. शेतावर जाताना टॉर्च नाही, जुनी बॅटरीच हातात.
सांजेला लाईन असली तर आंगणात बल्बखाली बसायचा,
अंगात काळी बंडी,
तळहात उठून दिसावेत म्हणून.

पुढच्या बुधवारी पुन्हा टेबलासमोर.
फोन ठणठणीत. चेहरा नाही.
दहा बोटं दोनदा उघडली, माझ्या नाकासमोर.
मग चिमूट, चमकी.
मग तिचा हात, असा, छातीपाशी आला,
बोटं उघडायला लागली,
आणि त्यानं अंगठा दाबला. कट.
वीस झाले होते ना.
मी सांगितलं होतं ना.

दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन लागत नाही.
टोळी दुसऱ्या शिवारात गेली असेल, तिथं टावर नसेल,
हे मी कसंबसं हातानं सांगितलं. ते त्याला माहीतच होतं.
त्याला दुसरंच विचारायचं होतं.
तो हात पुन्हा छातीपाशी आणायचा,
अर्ध्यात थांबायचा, भिवई उंचवायचा:
याच्या पुढं काय?

मला तिचे हात येत नाहीत.
अंडेवाली उठून आली, म्हणाली, 'पैसे भेटले असन.'
कोंबडीवाला म्हणाला, 'छाती दुखत असन.'
त्यावर अंडेवालीनं त्याला असं पाहिलं
की तो कोंबड्यांचे पाय बांधत बसला.

मी मुखरूचे दोन्ही हात धरले.
एकेक बोट मिटत गेलो, दहाही.
शून्य. शून्यापर्यंत जाऊ दे.
त्यानं बॅटरीवर टिचकी मारली, मग ही?
मी ड्रॉवर उघडून दाखवला, आतल्या दोन.
त्यानं अंगठा बोटावर घासला, पैसे?
मी वहीकडे पाहिलं नाही.

गेला. गर्दीत लांबपर्यंत दिसत होता.
वांग्यांच्या ढिगाजवळ, मग बांगड्यांच्या पालापाशी
त्याचा हात छातीपाशी उठायचा
आणि तिथंच थांबायचा.